बाळाला ताप आला तर काय करायचं: कोल्हापुरातल्या नव्या आई-बाबांसाठी

बाळाचं अंग तापलं की घरात चार जण चार उपाय सांगायला लागतात. आजी म्हणतात मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शेजारच्या काकू म्हणतात, दात येत असतील, काही होत नाही. बाळाचे बाबा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे असतात. काळजी सगळ्यांचीच खरी असते, पण पहिल्यांदाच आई-बाप झालेल्यांना यातलं काय करायचं ते कळत नाही, आणि रात्री दोन वाजता विचारणार कुणाला? वर्षाच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि दवाखाना कधी गाठायचा, ते इथे क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ताप म्हणजे बाळाचं शरीर जंतूंशी झगडत असल्याची खूण. बहुतेक वेळा तो साध्या विषाणूचा असतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप जातो. "ताप डोक्यात जाईल" ही भीती आपल्याकडे फार आहे. संसर्गामुळे आलेल्या नेहमीच्या तापाने मेंदूला इजा होत नाही. धोका असतो तो ताप कशामुळे आलाय त्यात. म्हणून थर्मामीटरइतकंच लक्ष बाळावर ठेवायचं.

ताप यायच्या आधीच घरात काय असावं

बाळ चांगलं खेळतंय तेव्हाच ही तयारी करून ठेवा. एक डिजिटल थर्मामीटर घ्या, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. घरात जुना पाऱ्याचा असेल तर तो बाळाजवळ वापरू नका. फुटला तर काच आणि पारा दोन्ही वाईट. कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची गन कित्येक घरांत आहे. ती घाईत अंदाजाला चालेल, पण तिच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

बाळाचं अलीकडचं वजन कागदावर लिहून फ्रिजला लावा. लसीकरणाच्या माता-बाल कार्डावर ते असतंच. औषधाचं सगळं गणित वजनावर चालतं. त्याच कागदावर तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर, रविवारी आणि रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहा. राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात राहणाऱ्यांना दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. पण गगनबावडा, राधानगरी किंवा शाहूवाडीत असाल तर आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि नंतर कुठे न्यायचं, हे दोन्ही आजच ठरवा. शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. इचलकरंजीकरांना इंदिरा गांधी रुग्णालय आणि गडहिंग्लजकडच्यांना तिथलं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं.

आणि एक छोटी वही ठेवा. ती कशाला ते पुढे कळेलच.

पहिलं काम: ताप नीट मोजा

हाताने कपाळ चाचपून ताप आहे-नाही एवढाच अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. स्वयंपाक करून आलेल्या गरम हाताला बाळ गार लागतं आणि भांडी घासून आलेल्या गार हाताला तापलेलं.

बाळाच्या अंगावर गोधडी, स्वेटर, कानटोपी असेल तर आधी काढा. नुकतीच अंघोळ झाली असेल किंवा बाळ रडून लाल झालं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. काख कोरड्या कपड्याने पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या खळग्यात ठेवा, दंड अंगाशी हलकेच दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत हलवू नका. बाळाला मांडीवर घेऊन अंगावर पाजता पाजता हे सोपं जातं.

शरीराच्या आतलं तापमान १००.४ अंश फॅरेनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर तो ताप. काखेतला आकडा त्याहून थोडा कमी येतो, म्हणून काखेत ९९.५ च्या वर गेलं की ताप धरायचा. मनाने एक अंश मिळवून सांगू नका. डॉक्टरांना सरळ "काखेत १०१ आहे" असं सांगा, पुढचा हिशेब ते करतात.

आकडा आणि वेळ वहीत लिहा.

दुसरं: बाळाचं वय किती?

सगळ्या लेखात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. घाईत असाल तर निदान एवढा वाचा.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप असेल, तर घरी काहीही करत बसायचं नाही. (लस दिल्यानंतरच्या तापाबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.) पट्ट्या नाहीत, औषध नाही, "सकाळपर्यंत बघू" नाही. बाळ हसत असलं, दूध पीत असलं तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यायचं, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. इतक्या लहान बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. रक्तातला, लघवीतला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग असला तरी सुरुवातीला तापाशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि काही तासांत बाळ खालावू शकतं. तपासणी करून, लागल्यास रक्त-लघवी बघून "काही नाही, घरी जा" म्हणाले तर आनंदच आहे. तुम्ही उगाच आलात असं कुठलाही चांगला डॉक्टर म्हणणार नाही.

याच वयात उलटंही लक्षात ठेवा. नवजात बाळाचं अंग गार पडलं, पोट आणि छातीही गार लागली आणि बाळ दूध ओढेना, तर तेही तापाइतकंच गंभीर.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. १०२ च्या वर असेल तर दाखवाच. सहा महिन्यांच्या पुढचं बाळ चांगलं दिसत असेल, दूध घेत असेल, तर एक-दोन दिवस घरी सांभाळता येतं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं याच वयाच्या बाळांसाठी आहे.

तिसरं: बाळाकडे पाच मिनिटं शांतपणे बघा

१०३ ताप असूनही बाळ तुमच्याकडे बघतंय, खुळखुळा ओढतंय, औषधानंतर तासाभरात हुंकार देतंय, तर घाबरायचं कारण कमी. आणि १००.५ च असताना पोर मलूल पडलंय, हाक मारली तरी नजर देत नाही, अंगावर घेतलं तर दोन घोट घेऊन सोडून देतंय, तर थांबू नका. आकडा लहान म्हणून आजार लहान असं नसतं.

श्वास मोजायला शिका. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि मोबाइलवर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे आणि न्युमोनियाची शंका घ्यावी लागते. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर मोजत बसू नका, निघा.

हातपाय गार आणि अंग गरम, हे ताप चढताना नेहमी होतं. तेवढ्यानं घाबरू नका. पण ताप उतरल्यावरही हातपाय गारच राहिले आणि बाळ सुस्त असेल तर ते वेगळं आहे. पावसाळ्याच्या भागात त्याबद्दल लिहिलं आहे.

चौथं: औषध, आणि त्यातली चूक

घरी द्यायचं औषध एकच, पॅरासिटामॉल. तेही ताप थोडा आहे आणि बाळ खेळतंय तर द्यायलाच हवं असं नाही. बाळ किरकिरं झालंय, अंग दुखतंय असं वाटतंय, दूध घेत नाही, तेव्हा द्या. झोपलेल्या बाळाला फक्त औषधासाठी उठवू नका.

मात्रा वजनावर ठरते: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. मी तर सहा तासांचंच अंतर धरा म्हणेन, म्हणजे रात्रीच्या अर्धवट झोपेत गोंधळ होत नाही.

आता खरी गोम. मेडिकलमध्ये हे औषध तीन ताकदींत मिळतं. थेंबांची छोटी बाटली, तिच्यात १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. साधं सिरप, ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. आणि जास्त ताकदीचं सिरप, ५ मिलिलिटरमध्ये २५०. बाळ ८ किलोचं आहे असं धरू. त्याला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम हवं. म्हणजे थेंबांतून ०.८ ते १.२ मिलिलिटर, १२० च्या सिरपातून साधारण सव्वातीन ते ५, आणि २५० च्या सिरपातून १.६ ते २.४. एकाच बाळाला तीन वेगळी मापं! डॉक्टरांनी १२० चं सिरप "एक चमचा" सांगितलं आणि मेडिकलमधून २५० ची बाटली आली, तर दुपटीहून जास्त औषध पोटात जातं. थेंबांची बाटली चमच्याने दिली तर चौपटीहून जास्त. वारंवार जास्त गेलेलं पॅरासिटामॉल यकृतावर घाव घालतं. म्हणून डॉक्टरांकडून "किती चमचे" असं विचारू नका. "कुठल्या ताकदीचं आणि किती मिलिलिटर" असं विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या आणि बाटलीवरचा आकडा दुकानातच ताडून बघा.

बाटली चांगली हलवा. बाटलीबरोबर आलेल्या ड्रॉपरने, मापाच्या टोपणाने किंवा सिरिंजने मोजा. घरातला चमचा कधी तीनचा असतो, कधी सातचा. बाळाला थोडं उभट धरून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. नाक दाबून किंवा आडवं पाडून बोंडल्याने ओतू नका, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका, कारण बाळाने अर्धंच प्यायलं तर किती गेलं ते कळत नाही.

दिल्याबरोबर वहीत वेळ आणि माप लिहा. एकत्र कुटुंबात हे फार गरजेचं आहे. आईने रात्री दहाला दिलेलं असतं, आजी मायेनं बाराला परत देतात, आणि कुणालाच पत्ता नसतो.

औषधाचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. ताप १०३ चा १०१ झाला आणि बाळ सैलावलं तरी औषधाने काम केलं. ९८ वर आला नाही म्हणून दुसरा डोस द्यायचा नाही.

आता जे द्यायचं नाही ते. अॅस्पिरिन मुलांना कधीच नाही. त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाइड या तापाच्या औषधाला आपल्या देशात २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी बंदी आहे, त्यामुळे घरात कुणाची जुनी गोळी असली तरी तिचा तुकडा नको. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिड सहा महिन्यांच्या आत नाही, आणि पुढेही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. ताप, सर्दी, खोकला सगळ्यावर एकच असं मिश्रण असलेली सिरपं तर दारातही आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित कफ सिरपने मुलं दगावली, आणि त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं पुन्हा बजावलं. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नको. विषाणूच्या तापावर त्याचा उपयोग नसतो, आणि पाणी घालून तयार केलेलं ते औषध साधारण आठवडाभरच टिकतं.

दूध, पाणी, पेज

तापात शरीरातलं पाणी कमी होतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्या, थोडं थोडं. वरचं पाणी, ग्लुकोज, साखरपाणी काही नको. सहा महिन्यांच्या पुढे दुधाबरोबर उकळून गार केलेलं पाणी, भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ भात चालेल. दोन दिवस भूक कमी राहिली तर बळजबरी करू नका, पातळ पदार्थ मात्र जायला हवेत. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, बोटभरसुद्धा. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझम हा आजार होऊ शकतो.

लंगोट किंवा डायपर किती ओले झाले ते वहीत मांडा. आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोक्यावरची टाळू खोल गेलेली, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. बरोबर जुलाब असतील तर डॉक्टरांना विचारून ओआरएस द्या. ते पुडीतलं घ्या, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. टेट्रापॅकमधलं गोड पेय हे ओआरएस नव्हे.

कपडे, पट्ट्या आणि घरचे उपाय

एक सुती झबलं पुरे. पंखा मंद ठेवा, खिडकी उघडी राहू द्या. थंडीने कुडकुडत असेल तर पातळ दुपटं घाला, कुडकुडणं थांबलं की काढा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, म्हणून तापलेल्या बाळालाही स्वेटर, टोपी, मोजे आणि वर गोधडी गुंडाळतात. त्याने उष्णता बाहेर जात नाही आणि ताप आणखी चढतो.

पट्ट्या ठेवायच्या तर कोमट पाण्याच्या, बाळाला बरं वाटत असेल तरच, आणि कपाळापेक्षा मान, काख, जांघ पुसा. थंड पाणी, बर्फ, स्पिरिट किंवा कोलनवॉटर नको. गार पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळ कुडकुडतं, आणि कुडकुडण्यानं आतली उष्णता वाढते. मिठाने काही वेगळा गुण येत नाही.

तेलाने चोळणं, टाळू भरणं ताप असेपर्यंत बंद ठेवा. शेगडीवर ओवा-लसणाची धुरी तर अजिबात नको, आधीच भरलेल्या छातीत धूर जातो. गुटीही थांबवा. जायफळाने बाळ गुंगतं, आणि मग ते आजाराने मलूल आहे की जायफळाने, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आजींचं मन मोडायचं नसेल तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढू द्या, अंबाबाईचा अंगारा कपाळाला लावू द्या. त्याने बाळाला काही होत नाही. अंगारा तोंडात मात्र घालायचा नाही, आणि त्यासाठी दवाखान्याला उशीर करायचा नाही.

दातांबद्दल एवढंच: दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं. १०१ चा ताप दातांचा नसतो.

आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना तापात झटके येतात. डोळे वर जातात, हातपाय ताठतात, तोंडाला फेस येतो. बघणाऱ्याचे पाय गळतात, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मागे काही ठेवत नाहीत.

बाळाला जमिनीवर किंवा गादीवर एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. गळ्याजवळचं बटण सोडा. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दाबून धरू नका. पाच मिनिटांपुढे गेलं, किंवा बाळ निळं पडलं, तर १०८ ला फोन. झटका थांबला तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झटका आला तर तडक रुग्णालय.

हे दिसलं तर लगेच निघा

टाळू वर फुगलेली. मान ताठ. अंगावर लाल-जांभळे ठिपके, जे काचेचा पेला दाबून धरला तरी पुसट होत नाहीत. ओठ किंवा जीभ निळसर. सतत उलट्या, हिरवी किंवा रक्ताची उलटी. न थांबणारं, कर्कश रडणं. उठवूनही न उठणं. ताप १०४ ला पोचला, किंवा तीन दिवस झाले तरी रोज येतोच आहे. आणि एक कारण, जे कुठल्याच यादीत बसत नाही: आईला आतून वाटतंय की आज बाळ नेहमीसारखं नाही. ते डॉक्टरांना तसंच सांगा.

सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप येतोय, तर लघवीची तपासणी करायची का हे विचारा. लहान बाळांत मूत्रमार्गाचा संसर्ग असाच लपून बसतो.

कोल्हापूरचा पावसाळा

जुलैपासून पुढे ताप आला की डेंगी डोक्यात ठेवावा लागतो. त्याचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा, आणि पाण्याचं बॅरल, कुंडीखालची ताटली, गच्चीतले टायर आठवड्याला रिकामे करा. डेंगीत फसवणारी गोष्ट अशी, की तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका तेव्हाच धोका सुरू होतो. ताप गेला पण बाळ मलूल, हातपाय गार, पोट दुखल्यासारखं रडणं, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर लगेच रुग्णालय. या दिवसांत पॅरासिटामॉलशिवाय दुसरं तापाचं औषध देऊ नका, कारण त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

दुसरी गोष्ट पुराच्या पाण्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत तान्हं बाळ असेल तर पाणी ३९ च्या दिशेने चढू लागताच औषधाची बाटली, थर्मामीटर, बाळाचं कार्ड आणि वही एका पिशवीत भरा आणि बाळ-बाळंतिणीला आधीच उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवा. रस्ता बंद झाल्यावर तापलेलं बाळ घेऊन बोटीची वाट बघायची वेळ कुणावर येऊ नये.

लस दिल्यानंतरचा ताप

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लसीनंतर त्याच दिवशी ताप येऊ शकतो आणि एक-दोन दिवसांत जातो. टोचलेली मांडी लाल होते, दुखते. तिथे चोळू नका, हळद-चुना लावू नका, शेक नको. गार पाण्याची घडी ठेवली तरी पुरे. लसीकरण केंद्रातून निघण्यापूर्वीच सिस्टरना विचारून पॅरासिटामॉल किती मिलिलिटर द्यायचं ते कार्डावर लिहून घ्या. पहिल्या दोन डोसांच्या वेळी बाळ तीन महिन्यांच्या आतलंच असतं, म्हणून ताप आलाच तर डॉक्टरांना फोन करा, आणि बाळ दूध पीत नसेल, सुस्त असेल किंवा दोन दिवसांनीही ताप असेल तर "लसीचाच असेल" म्हणून घरी ठेवू नका. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप मात्र उशिरा, साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही उठतं.

तापामुळे एखादी लस चुकली तर ती सोडून देऊ नका. ताप गेल्यावर आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. पुढची तारीख कार्डावर नव्याने लिहून देतात, आणि आधी घेतलेले डोस वाया जात नाहीत.